उडी एकाची, खेळ चौदा जणांचा

प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळच्या गावी घराच्या अंगणात बारा फुटी ट्रॅम्पोलिन बसवलंय. मे महिन्यात ठाण्याहून आणि पुण्याहून मिळून चौदा माणसं येतात, त्यात चार ते पंधरा वयाची सात मुलं. पहिले दोन दिवस झुंबड, तिसऱ्या दिवशी भांडणं, चौथ्या दिवशी सगळे मोबाइल घेऊन ओटीवर. मोठ्यांना तर त्यात काही कामच नाही. लहानथोर सगळ्यांना मिळून खेळता येतील असे कोणते खेळ घरच्या घरी रचता येतील? आणि पावसाळ्यात त्या ट्रॅम्पोलिनचं काय करायचं?

मी गुहागरची. २२ वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि गेली ९ वर्षं आमच्या घरामागच्या खळ्यात ट्रॅम्पोलिन आहे. मेमध्ये आमच्याकडेही चाकरमान्यांचा हाच मेळा जमतो, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या दिवसाचा तंटा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. उत्तर आधी सांगते, खुलासा मग करते. मॅटवर, म्हणजे स्प्रिंगांनी ताणलेल्या ज्या कापडावर उड्या मारतात त्यावर, एका वेळी एकच जण. बाकीचे तेरा जण खाली, पण नंबर लावून उभे राहायचं नाही, तेही खेळात हवेत. वरच्याच्या उडीवर खालच्यांचं काहीतरी अडलेलं असलं पाहिजे. एवढं जमलं की खेळ सुचत जातात, आणि बहुतेक वेळा मुलांनाच सुचतात.

एकच जण का, हे आधी सांगते, कारण घरातली मोठी माणसंच इथे पहिली हरकत घेतात. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत भाऊ-भावजय मुलांना घेऊन आली होती. भाची साडेचार वर्षांची, तिचा दादा तेरा वर्षांचा. दोघं हात धरून उड्या मारत होती आणि मी चार हातांवर बसून बघत होते. ती पडली नाही, कुठे आपटली नाही. दादा खाली आला, मॅट वर उसळली, आणि नेमकी त्याच वेळी ती खाली येत होती. ती बसली ती बसलीच, पाय टेकवेना. गुडघ्याच्या जरा खाली नडगीचं हाड चिरलं होतं. चार आठवडे प्लास्टर. मी रोज शाळेत मुलांना पडायचं कसं ते शिकवत होते, पण न पडताही हाड मोडतं हे मला त्या दिवशी कळलं.

होतं असं: मोठं पोर उतरलं की मॅट खोल दबते आणि स्प्रिंगांमध्ये त्याच्या वजनाचा जोर साठतो. तो जोर मागे फिरून वर येत असताना हलकं पोर खाली येत असेल, तर त्याच्या पायाला मऊ मॅट लागत नाही, वर येणारी फळी लागते. मुलं याला 'डबल जंप' म्हणतात आणि त्यांना ती फार आवडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, घरगुती ट्रॅम्पोलिनच्या विरोधातच आहे. त्यांच्या २०१२ च्या निवेदनात नोंद आहे की सुमारे तीन चतुर्थांश दुखापती मॅटवर एकापेक्षा जास्त जण असताना होतात, आणि त्यातही सगळ्यात लहान पोराला धोका सगळ्यात मोठा. भोवती उभी जाळी लावली म्हणजे चिंता मिटली असंही नाही, कारण पुष्कळ दुखापती जाळीच्या आत, मॅटवरच होतात. हे सगळं वाचून मी ट्रॅम्पोलिन विकलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्याकडे दुसरा जण वर चढला की खेळ थांबतो. सहा वर्षांखालचं मूल उड्या मारायला वर जात नाही. आणि हवेत कोलांटी कोणीच मारत नाही, पंधरा वर्षांच्यानेसुद्धा नाही, कारण तिथे मानेशी गाठ असते.

ट्रॅम्पोलिन ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला आलं. तिथेही मॅटवर एकच खेळाडू असतो. जागतिक स्पर्धांत जोडीचा प्रकार असतो, तोही शेजारी शेजारी मांडलेल्या दोन वेगळ्या ट्रॅम्पोलिनवर. ज्यांचं आयुष्य उड्या मारण्यात गेलं ते खेळाडूसुद्धा एका मॅटवर दोघं चढत नाहीत, एवढं सांगितलं की दहा-बारा वर्षांच्या मुलांना पटतं. माझ्या धाकापेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

त्याच स्पर्धांतून मी आणखी एक गोष्ट उचलली. त्यांच्या मॅटच्या मध्यावर लाल फुली असते, आणि उडी मध्यापासून सरकली की गुण कापले जातात. म्हणून आमच्याकडे खेळाची सुरुवात खडूने होते. एकाने सुतळीचं टोक मॅटच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरायचं, दुसऱ्याने दीड फुटावर सुतळीला खडू बांधून गोल फिरवायचा. झाली तीन फुटांची विहीर. मग सुतळी लांबवून कडेपासून हातभर आत दुसरं वर्तुळ काढायचं, तो गडगा, म्हणजे आमच्याकडची दगडी कुंपणाची भिंत. उडी विहिरीत पडली तर मोजायची, विहिरीबाहेर पडली तर मोजायची नाही, गडग्याबाहेर पाय गेला तर डाव संपला. या दोन वर्तुळांनी जेवढी शिस्त आणली तेवढी माझ्या शिट्टीने कधी आणली नाही. खडू साधा, फळ्यावरचा. रंग किंवा मार्कर नको. खडू ओल्या फडक्याने पुसला जातो.

आता खेळ. पहिला खेळ थांबण्याचा, कारण थांबता येणं ही यातली पहिली विद्या आहे. खाली येताना पाय ताठ ठेवले तर मॅट परत वर फेकते. गुडघे वाकवून, खुर्चीत बसायला निघाल्यासारखं उतरलं की तो जोर गुडघ्यांत जिरतो आणि माणूस जागच्या जागी थांबतो. आमच्याकडे या खेळाचं नाव 'लाईट गेली'. एक जण वर उड्या मारतो. खाली दोघादोघांच्या जोड्या टाळ्यांचा झिम्मा खेळतात, त्यात काकू, मावशी, आजी सगळ्या आल्या. ज्याच्यावर राज्य आहे तो सगळ्यांकडे पाठ करून पायरीवर बसतो आणि मनात येईल तेव्हा ओरडतो, "लाईट गेली!" वरच्याने एका उडीत थांबायचं, खालच्यांनी हात जिथे असेल तिथे धरून ठेवायचे. "लाईट आली!" म्हटलं की सगळं पुन्हा सुरू. शेवटी हलला त्याच्यावर राज्य. एकदा हा खेळ रंगात असताना घरातून आमच्या सासूबाई खरोखरच ओरडल्या, "लाईट गेली गो!" पंखा बंद पडला होता. माझी पुतणी मॅटवर गुडघे वाकवून टक्क थांबली आणि खालच्या चार जोड्या हात वर धरून तशाच. सासूबाई दारात येऊन बघतायत की यांना झालंय काय. तेव्हापासून राज्य कोणावरही असलं तरी घरातून ओरडायचा हक्क सासूबाईंना आहे.

माझा सगळ्यात लाडका खेळ करवंट्यांचा. यात वर उडणारा हा घड्याळ असतो. दोन संघ पाडा, मोठी माणसं दोन्हीकडे वाटून. एका संघाचा भिडू वर चढतो, दुसरा संघ पाणी वाहतो. अंगणातल्या खऱ्या विहिरीच्या कठड्याजवळ भरलेली बादली, वीस-पंचवीस पावलांवर रिकामी कळशी, आणि प्रत्येकाच्या हातात नारळाची एकेक करवंटी. वरच्याने ३० उड्या मारायच्या. त्या पुऱ्या होईपर्यंत खालच्यांनी करवंटीने पाणी नेऊन कळशीत ओतायचं. ३० झाल्या की पंच ओरडतो आणि कळशीतलं पाणी काठीने मोजायचं. मग संघ बदलतात. मेख अशी आहे की उडी खडूच्या विहिरीतच पडली तर मोजली जाते. वरचा घाई करून उंच उडायला गेला की भरकटतो, त्याच्या उड्या वाया जातात आणि खालच्यांना जास्त वेळ मिळतो. त्यामुळे जिंकायला उंच उडी लागत नाही, नेमकी लागते. हे मुलांना दोन डावांतच उमगतं. मग वरचा पोरगा ओठ घट्ट मिटून, नजर समोरच्या माडाच्या एका खुणेवर रोवून, छोट्या छोट्या उड्या मारायला लागतो. ते बघण्यासारखं असतं. सत्तरीचे काका करवंटीवर तळहात ठेवून, एकही थेंब न सांडता, तरातरा चालतात आणि पळणाऱ्या नातवांपेक्षा जास्त पाणी नेतात. डाव संपला की कळशी केळीच्या बुडाशी रिकामी करायची. पाणी वाया गेलं असं कोणाला वाटायला नको, मेमध्ये आमच्याकडे विहिरीचा तळ दिसतो.

हेच घड्याळ लगोरीलाही लावता येतं. लगोरी खाली, ट्रॅम्पोलिनपासून लांब मांडायची आणि वरच्याच्या २० उड्या होईपर्यंत रचून दाखवायची. ठिकऱ्यांऐवजी उपड्या करवंट्या एकावर एक घेतल्या तर त्या सतत घसरतात आणि मजा वाढते.

दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी 'आमरस'. पहिल्याने वर जाऊन उडीत एक करामत करायची: हवेत टाळी, गुडघे छातीशी, अर्धी गिरकी, पाय फाकवून पुन्हा जुळवणं, असं काहीही. दुसऱ्याने तीच करून त्यात आपली एक जोडायची. तिसऱ्याने पहिल्या दोन करून तिसरी. विसरला, चुकला किंवा गडग्याबाहेर गेला की त्याला 'आ' लागतो, मग 'म', मग 'र', मग 'स'. चारही अक्षरं पूर्ण झाली तो बाद, आणि त्या दुपारी सगळ्यांसाठी आंबे पिळायचं काम त्याचं. स्पर्धेतले खेळाडू एका फेरीत दहा करामती सलग करतात, हे सांगितलं की मुलांना दहाचं वेड लागतं. आमच्याकडे आजवर सर्वात लांब साखळी आठची झाली. इथे खालच्यांना काम काय? तर साखळी तोंडपाठ ठेवणं. वरचा काही विसरला तर त्याच्या संघातला एक जण, एकदाच, हातवारे करून आठवण देऊ शकतो, बोलायचं मात्र नाही. आमची आत्या हे हातवारे इतके बेमालूम करते की तिच्या संघात जायला मुलं भांडतात. करामतींची यादी मात्र आधी ठरवून घ्या. पाठीवर पडणं, पोटावर पडणं, गुडघ्यांवर उतरणं आणि कोलांटी यात नाही म्हणजे नाही. गुडघ्यांवर उतरणं दिसायला सोपं, पण त्याचा दणका पाठीच्या कण्याला बसतो.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी 'मासळी'. मूल आणि मोठं माणूस यांची जोडी. मूल वर उडतं, मोठं माणूस जाळीबाहेर खुर्चीवर. मुलाच्या दर तिसऱ्या उडीला मोठ्या माणसाने एका माशाचं नाव घ्यायचं. बांगडा, सुरमई, पापलेट, हलवा, रावस, सौंदाळा, मांदेली, बोंबील, तारली, कर्ली, मोरी... नाव दोनदा आलं किंवा तिसरी उडी पडेपर्यंत सुचलं नाही तर जोडी बाद. मुलाने लय धरून ठेवायची. उडी मोठी मारली तर म्हाताऱ्या माणसाला आठवायला जरा जास्त वेळ मिळतो, पण विहिरीबाहेर जायची भीती, तेव्हा दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं. आमच्या शेजारच्या आजी लग्नाआधी हर्णैच्या. त्यांनी एकदा न थांबता सव्वीस नावं घेतली, आणि वर त्यांचा नातू घामाने निथळतोय, "आजी पुरे!" म्हणून ओरडतोय. त्यातली निम्मी नावं मुंबईच्या मुलांनी आयुष्यात ऐकलेली नव्हती. संध्याकाळी तीच मुलं त्यांना विचारत होती की पालू कसा दिसतो, लेपा कसा दिसतो. शाकाहारी घरात झाडांची नावं घ्या, गावांची घ्या. आजोबा पाढे म्हणणारे असतील तर पाढे घ्या: दर उडीला एक आकडा, एकोणीसचा पाढा आजोबांनी विचारायचा आणि वरच्याने म्हणायचा.

तळ्यात-मळ्यात तर खडूच्या विहिरीसाठीच जन्माला आलाय. विहीर म्हणजे तळं, विहीर आणि गडगा यांच्यामधली पट्टी म्हणजे मळा. हुकूम देणारा फसवतो, वरचा फसत नाही. पाच मिनिटांचा खेळ, जास्त ताणू नये.

झेलाचा खेळ करायचा तर चेंडू चिंध्यांचा हवा. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळून वर दोरा मारला की झाला. रबरी किंवा टेनिसचा चेंडू मॅटवर पडला आणि त्यावर पाय आला तर घोटा मुरगळलाच समजा. जाळीवरून चेंडू आत टाकायचा, तो वरच्याचे पाय मॅटवरून सुटतात त्या क्षणी. उडीच्या माथ्यावर शरीर क्षणभर स्थिर असतं, आणि चेंडू तेवढ्यात हातापाशी पोहोचला तर पाच वर्षं क्रिकेट न खेळलेल्या मुलीलाही झेल जमतो. झेल सुटला की आधी थांबायचं, चेंडू बाहेर टाकायचा, मगच पुढची उडी.

न जमलेले खेळही सांगते. ट्रॅम्पोलिनभोवती खो-खो खेळून पाहिला. पळणारी मुलं लोखंडी पायांवर नडग्या आपटून घेतात. तेव्हापासून पळापळ ट्रॅम्पोलिनपासून दहा फूट लांब. एक जण मध्ये पाय पोटाशी घेऊन बसतो आणि बाकीचे भोवती उड्या मारून त्याला सुटायला लावतात, तो खेळ मुलं इंटरनेटवर बघून येतात. त्यात एकाहून अधिक जण वर असतात, म्हणून आमच्याकडे तो नाही. आणि मॅटवर पाणी सोडून नाचणं मला अजिबात मंजूर नाही. मॅट ओली झाली की पाय सरकतो, आणि आपल्या दमट हवेत ती वाळायला वेळ लागतो, शिवणीत शेवाळ धरतं.

तुम्हाला नवे खेळ रचायचे असतील तर माझी रीत अशी. मुलांना अंगणातला माहीत असलेला कोणताही खेळ घ्या आणि त्यात वेळ कोण ठरवतं, हुकूम कोण देतं, मोजतं कोण, हे शोधा. त्यातलं एक काम वरच्या उडणाऱ्याला द्या आणि बाकीचा खेळ खालीच ठेवा. पहिल्या डावाला पंच तोच, ज्याला तो खेळ सुचला. त्याला मग नियमातली भोकं आपली आपण दिसतात. पाच मिनिटांत कंटाळा आला तर खेळ सोडून द्यायचा, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. आमच्याकडे दर मेमध्ये चार-पाच नवे सुचतात, त्यातला एखादा पुढच्या वर्षी आठवतो. कोणाचीही पाळी मिनिटाभराची, फार तर ३० उड्यांची. त्यापुढे पाय थकतात आणि उतरणं वाकडं व्हायला लागतं. पाळी छोटी असली की ती लवकर परत येते, मग 'माझा नंबर कधी' हे भांडणही विझतं.

तुमच्या चार वर्षांच्या पोराचं काय? आपल्याकडे लहानग्याला कच्चा लिंबू करून घ्यायची चाल आहे, पण त्याला कळतं की आपण खोटे खोटे खेळतोय. त्याला खरं काम द्या. आमच्याकडे देवघरातली घंटा कच्च्या लिंबाच्या हातात असते. डाव घंटेने सुरू होतो, घंटेने संपतो, आणि घंटेआधी मारलेली उडी बाद. सगळ्यात लहान माणसाच्या हातात सगळ्यात मोठा अधिकार. उड्या मारायची त्याची हौस ओटीवर गादी टाकून भागवा.

जागेचं बघा. दापोलीकडचं घर म्हणजे आवारात माड असणारच. माडाखाली ट्रॅम्पोलिन कधीच नको. नारळ तर पडतोच, पण झावळ सुकून पडते तीही डोकं फोडू शकते. पाडेलीकडून नारळ उतरवून घेतले तरी माडाच्या घेराबाहेरच मांडा. वरून विजेची तार जात नाही ना, बाजूला गडगा किंवा पायरी नाही ना, सगळीकडून सहा-सात फूट मोकळं आहे ना, हे पाहा. जमीन सपाट हवी. कातळावर बसवलं असेल तर पायांखाली आणि भोवती पुळणीची वाळू पसरा. मॅटखालची जागा रोज सकाळी काठीने झाडायची. तिथे सावली असते, पाचोळा साठतो, आणि आपल्या भागात पाचोळ्यात फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. कोंबड्या आणि मांजरं तर दुपारी हमखास तिथेच. मूल वर असताना खाली कोणी जाणार नाही, हा नियम कच्च्या लिंबाला घंटा देतानाच सांगायचा.

खेळ सकाळी नवाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारी काळी मॅट इतकी तापते की तळव्यांना चटका बसतो. चढण्याआधी बांगड्या, साखळ्या, पिना आणि खिशातलं सगळं ओटीवरच्या ताटात. पाय अनवाणी, कारण मोजे घसरतात. शिडीशी बादली, तांब्या आणि गोणपाट ठेवा. समुद्रावरून आलेली मुलं तशीच चढतात, आणि पायांची खारी वाळू मॅटला पॉलिश पेपरसारखी घासते, स्प्रिंगांच्या आकड्यांत जाऊन बसते. पायावर पाणी घेतल्याशिवाय घरात येत नाही ना आपण, तसंच इथे. फक्त पाय गोणपाटावर नीट पुसूनच वर जायचं.

रात्री जेवणं झाल्यावर मात्र ट्रॅम्पोलिनवर उडायचं नाही, निजायचं. अंधारात अंदाज चुकतो. चौकटीवरच्या पट्टीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तेवढ्याच वजनाची माणसं वर, पाय मध्याकडे करून आडवी. एक जण कुशीवर वळला की सगळ्यांना हलकासा झोका बसतो. भेंड्या, भुताच्या गोष्टी, तारे बघणं. मे महिन्यात समुद्रावरचं वारं सुटतं तेव्हा मॅटखालूनही गार लागतं. मोबाइल आपोआप विसरला जातो. चौथ्या दिवसाच्या तुमच्या तक्रारीवर मला सापडलेला हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

आता पावसाळा. मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ट्रॅम्पोलिन उतरवून घरात घ्याच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यात ते बाहेर टिकत नाही. वारा त्याहून वाईट. जाळी शिडासारखी वारा धरते. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं ते तुमच्या दापोलीने पाहिलंय. मेमध्ये वादळाचा इशारा आला तर निदान जाळी त्या दिवशीच काढा आणि चारी बाजूंच्या पायांवर वाळूच्या गोण्या टाका. दिवाळीत जमीन सुकली की पुन्हा मांडता येतं.

समुद्राजवळच्या खाऱ्या वाऱ्याने स्प्रिंगा सगळ्यात आधी गंजतात, आणि त्याही आकड्यापाशी, जिथे लोखंडावर लोखंड घासतं. खेळाच्या दिवसांत महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, प्रत्येक आकडा बघा. एखादी स्प्रिंग ताण सुटून लांबलेली किंवा पापुद्रे सुटलेली दिसली तर ती लगेच बदला, तोवर खेळ बंद. मॅटची शिवण उसवलेली दिसली तरी तेच. उतरवताना आणि बसवताना स्प्रिंगा समोरासमोरच्या काढायच्या आणि लावायच्या, एकाच बाजूने सुरुवात केली तर शेवटच्या दहा जागच्या हलत नाहीत. हातात जाड मोजे घालून, सोबत येणाऱ्या आकड्यानेच ओढा, बोटांनी नको. उतरवलेल्या स्प्रिंगा कोरड्या पुसून, तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पुन्हा लावण्याआधी तेल नीट पुसा, नाहीतर मॅटला डाग पडतात. आमच्या ट्रॅम्पोलिनला ७२ आहेत. तो आकडा डब्याच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवलाय, आणि दिवाळीत डबा उघडला की आधी मुलांना मोजायला बसवते.